समुद्राकाठी डोंगरमाथ्यावरचं गाव आपल्याकडे का नाही?

प्रश्न : इटली-फ्रान्सच्या किनाऱ्यावर डोंगराच्या माथ्यावर वसलेली जुनी दगडी गावं असतात. खाली समुद्र, वर अरुंद गल्ल्या, मधोमध चर्च. चित्रांत पाहून मुलगी विचारते की अशी गावं महाराष्ट्रात आहेत का? असतील तर सांगा, आम्ही सुट्टीत जाऊ. नसतील तर का नाहीत तेही सांगा, कारण तिचा पुढचा प्रश्न तोच असणार आहे. (एक वाचक, अर्जुनी मोरगाव तालुका, जि. गोंदिया)

उत्तर : मुलीचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, म्हणून त्यालाच जास्त जागा देतो.

तशी गावं आपल्या किनाऱ्यावर जवळजवळ नाहीत. डहाणूपासून रेडीपर्यंत सुमारे ७२० किलोमीटरचा किनारा आहे आणि त्यावर समुद्रात घुसलेल्या डोंगरांना तोटा नाही. पण माथ्यावर चढून गेलात की भेटतो किल्ला, नाहीतर देऊळ, नाहीतर दीपगृह. रत्नागिरीच्या रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आहे, गावकऱ्यांची घरं मात्र खाली बंदराकडे. जयगड, पूर्णगड, बाणकोट, कुठेही जा, रचना तीच. माथ्यावर पहारा आणि देव, पायथ्याशी माणसं. सड्यावर, म्हणजे माथ्याच्या पठारावर, एखाद-दुसरी वाडी दिसते, पण बाजारपेठ, पाणवठा, बलुतेदार आणि आठ-दहा पिढ्या एकाच माथ्यावर, असं गाव दिसत नाही.

भूमध्य समुद्राकाठची गावं वर का गेली ते आधी पाहू. फ्रान्समध्ये नीस शहराजवळचं एझ हे गाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरहून उंचावर, कड्याच्या टोकाशी आहे. मध्ययुगात त्या किनाऱ्यावर समुद्री चाच्यांच्या धाडी पडत. माणसं पकडून गुलाम म्हणून विकली जात. खालच्या दलदलीत हिवतापाचं थैमान असे. वर गेलं की दोन्हींपासून सुटका. शिवाय त्या लोकांचं पोट डोंगरउतारावर भरत होतं. ऑलिव्ह आणि द्राक्षं ही दोन्ही पिकं खडकाळ, उतरत्या जमिनीवर येतात, त्यांना साचलेलं पाणी नकोच असतं. पाऊस हिवाळ्यात पडतो आणि बेताचा पडतो, तो दगडी हौदांत साठवून वर्ष काढता येतं. थोडक्यात, त्या माणसांचं शेत, पाणी आणि जीव या तिन्ही गोष्टी वरच जमत होत्या.

आता कोकण घ्या. अलिबागच्या किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढ्या पावसाच्या मुलखात डोंगरमाथ्यावर पाण्याची टंचाई असते, यावर तिकडे न गेलेल्या माणसाचा चटकन विश्वास बसत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर जांभा दगड आहे. तो सच्छिद्र असतो. पाणी वरून आत मुरतं, खाली उतरतं आणि डोंगराच्या पोटाशी झऱ्याच्या रूपानं बाहेर येतं. उत्तरेकडे रायगड जिल्ह्यात काळा पाषाण आहे, त्यावरून पाणी थेट वाहून जातं. दोन्हीकडे परिणाम एकच, माथा डिसेंबर-जानेवारीपर्यंत कोरडा. जे पाणी आहे ते पायथ्याशी आहे, आणि विहीर खोदायची तर तिथेच.

पिकाचंही तसंच. भाताला साचलेलं पाणी लागतं, ते खाचरांत, म्हणजे दोन डोंगरांमधल्या सखल पट्ट्यात मिळतं. नारळ-सुपारीच्या वाड्यांना किनाऱ्यालगतची वाळूमिश्रित जमीन आणि रोजचं शिंपण हवं. कोळ्याला होडी दिसेल अशा ठिकाणी घर लागतं. आणि जून ते ऑगस्टमध्ये समुद्रावरून येणारा वारा उघड्या माथ्यावर कौल टिकू देत नाही. असा मुलूख असताना कोण वर राहायला जाईल?

भीती इथेही होतीच. जंजिऱ्याच्या सिद्दीच्या स्वाऱ्यांनी हा किनारा पिढ्यान्‌पिढ्या धास्तावलेला होता, आणि आधीच्या शतकांत पोर्तुगीजांनी किनाऱ्यावरची गावं जाळल्याचे दाखले भरपूर आहेत. पण आपल्या लोकांनी त्या भीतीवर वेगळा तोडगा काढला. गाव खाली ठेवलं, माथ्यावर शिबंदी बसवली. काही ठिकाणी तर अख्खं गावच तटाच्या आत घेतलं. रेवदंडा हे त्याचं ठळक उदाहरण. अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता आजही पोर्तुगीज तटबंदीच्या आतून जातो, आणि तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या, घरं, शाळा असं नांदतं गाव आहे. मालवणजवळच्या सिंधुदुर्गातही काही कुटुंबं अजून राहतात. पण रेवदंडा सपाटीवर आहे आणि सिंधुदुर्ग बेटावर. तुमच्या मुलीला हवं ते चित्र दोन्हींत पुरं होत नाही.

त्या चित्राच्या सर्वांत जवळ जाणारी एक जागा मला ठाऊक आहे. ती म्हणजे रेवदंड्याच्या खाडीपलीकडचं कोर्लई.

प्रश्न : (त्याच पत्रातला पुढचा भाग) एकच दिवस हाताशी असला, तर तिथे तो कसा घालवावा?

उत्तर : कोर्लई रायगड जिल्ह्यातल्या मुरुड तालुक्यात आहे. अलिबागपासून वीस-बावीस किलोमीटर. कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिण बाजूनं एक अरुंद डोंगर थेट पाण्यात घुसला आहे. तीन बाजूंना समुद्र, आणि डोंगराच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत किल्ला.

तुमच्याकडून जायचं तर विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते आणि रात्रभरात कल्याण, ठाणे करत मुंबईला पोचते. गोंदिया ते मुंबई रेल्वेनं सुमारे ९७० किलोमीटर. ठाण्याला किंवा कल्याणला उतरून पनवेल-पेणमार्गे एसटीनं अलिबाग गाठता येतं. मुलगी बरोबर आहे, तेव्हा मी म्हणेन की मुंबईपर्यंत जा आणि गेटवे ऑफ इंडियाहून लाँचनं मांडव्याला उतरा. तिनं समुद्र पाहिलेला नसेल तर तिला तो आधी पाण्यावरून दिसू द्या. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. मुक्काम अलिबाग किंवा रेवदंड्याला करा, म्हणजे दिवस पहाटेपासून हातात येतो.

सकाळ रेवदंड्यात घालवा. ओहोटीची वेळ आदल्या संध्याकाळी कुणा कोळ्याला विचारून ठेवा. पाणी मागे गेलं की तटाच्या बाहेरून, वाळूवरून चालत जाता येतं आणि भिंतीचा आवाका तेव्हाच कळतो. आत सातखणी नावाचा उंच मनोरा उभा आहे, पडक्या चर्चच्या भिंती आहेत, आणि त्यांच्या मधून सुपारीच्या बागा गेल्या आहेत. पोर्तुगीजांना इथे कोट बांधायची परवानगी अहमदनगरच्या निजामशाहीकडून १५२१ मध्ये मिळाली. पण शेजारचं चौल त्याच्या कितीतरी आधीपासून बंदर होतं. ग्रीक-रोमन लेखकांनी त्याची नोंद केली आहे. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी इथेच उतरला. विकायला त्यानं एक घोडा आणला होता. इथून तो जुन्नरला आणि पुढे बिदरला गेला, आणि त्यानं लिहून ठेवलेल्या टिपणांमुळे त्या काळचा बहामनी मुलूख आपल्याला एका परक्या माणसाच्या डोळ्यांनी दिसतो. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. वास्को द गामा त्याच्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आला, हे मुलीला आवर्जून सांगा. शाळेच्या पुस्तकात गामा असतो, निकितिन क्वचित.

मग खाडीवरचा पूल ओलांडून कोर्लईला या. आधी कोळीवाड्यातून चालत जा. मोसम असेल तर बोंबील दोऱ्यांवर वाळत घातलेले दिसतील, जवळा जमिनीवर पसरलेला असेल. वाटेत कुणाच्या वाळवणावर पाय पडणार नाही याची काळजी घ्या, ती त्या घराची पावसाळ्याची बेगमी असते. रस्ता पुढे दीपगृहाशी संपतो. तिथूनच किल्ल्याच्या पायऱ्या सुरू होतात.

चढ फार नाही. डोंगराची उंची जेमतेम शंभर मीटर. यात एक गंमत आहे. गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटरवर आहे. म्हणजे गोंदियातला माणूस घराच्या अंगणात उभा राहतो तेव्हा कोर्लईच्या सर्वांत उंच बुरुजापेक्षा दोनशे मीटर वर असतो. उंची ही शेजारच्या जमिनीवरून भासते, आकड्यावरून नाही.

किल्ल्याची हकीकत अशी. हा डोंगर चौलच्या, म्हणजे रेवदंड्यातल्या, पोर्तुगीज कोटाच्या थेट समोर, खाडीच्या तोंडावर आहे. ज्याच्या हाती हा डोंगर त्याच्या हाती बंदराची मान. १५९४ मध्ये बुऱ्हाण निजामशहानं इथे तटबंदी उभी केली आणि चौलवर तोफा रोखल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात पोर्तुगीजांनी हल्ला करून डोंगर घेतला. पुढची जवळजवळ दीडशे वर्षं तो त्यांच्याकडेच राहिला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांचं या किनाऱ्यावरचं बळ संपलं, आणि १७४० मध्ये चौल आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

वर गेल्यावर डोंगराच्या पाठीवरून चालत राहा. एकामागून एक दरवाजे लागतात, प्रत्येक दरवाजा पुढचा भाग मागच्यापासून तोडून टाकतो. शत्रू एका टप्प्यात शिरला तरी दुसऱ्यासाठी पुन्हा लढावं लागेल अशी ही आखणी. छप्पर गेलेलं छोटं चर्च, पोर्तुगीज अक्षरं कोरलेल्या शिळा, गंजत पडलेल्या तोफा, आणि गोड्या पाण्याचं टाकं. त्या टाक्याजवळ जरा थांबा. खारट पाण्यानं तीन बाजूंनी वेढलेल्या या डोंगरावर शिबंदी किती दिवस तग धरणार हे तोफांपेक्षा या टाक्यानं ठरवलेलं आहे. इथे उभं राहिलात की तुमच्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नुसतं डोळ्यांनी कळतं. एका टाक्यावर पहारेकरी जगतात, गाव जगत नाही.

पण कोर्लईचं खरं धन किल्ल्यात नाही. ते पायथ्याच्या गावात आहे, आणि निम्म्याहून अधिक पर्यटक ते न ऐकताच परततात. दुपारी खाली उतरलात की माउंट कार्मेलच्या चर्चच्या आसपासच्या वस्तीत सावकाश फिरा. इथले ख्रिस्ती गावकरी घरात एक भाषा बोलतात, ती पोर्तुगीजपासून निघालेली आहे. ते तिला नोलिंग म्हणतात. पोर्तुगीज सत्तेच्या काळात किल्ल्याच्या आणि चौलच्या आसऱ्यानं राहणारी, धर्मांतरित झालेली स्थानिक माणसं ही या गावाची मूळ वस्ती. १७४० मध्ये शिपाई, पाद्री, अधिकारी निघून गेले. ही माणसं राहिली. जायला त्यांना दुसरं घर नव्हतंच, हेच त्यांचं घर होतं.

तेव्हापासून पोर्तुगालशी त्यांचा संबंध जवळजवळ तुटला. आजूबाजूला सगळी मराठी. तरी घरातली भाषा टिकली, आणि टिकता टिकता मराठीच्या वळणावर गेली. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं. कोर्लईच्या बोलीत ते मराठीसारखं वाक्याच्या शेवटी जातं. शब्द लिस्बनचे, वाक्याची चाल रायगडची. जे. क्लँसी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं या बोलीवर अनेक वर्षं काम केलं आणि १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. बोलणारी माणसं हजाराच्या आसपास. ती शेती करतात, मराठीतून शिकतात, मराठीतून बाजार करतात आणि उंबऱ्याच्या आत आपल्या भाषेत बोलतात.

माझ्या मते एझच्या गल्ल्यांत जे मध्ययुग दाखवायला ठेवलेलं आहे त्याहून कोर्लईच्या ओसरीवर बोललं जाणारं जास्त जिवंत आहे. एझमध्ये आज प्रामुख्यानं हॉटेलं आणि कलावस्तूंची दुकानं आहेत. कोर्लईत शेवाळलेली भिंत वर राहिली आणि माणसं भाषा घेऊन खाली उतरली. ही बोली ऐकायची असेल तर एक विनंती आहे. कुणाच्या दारात उभं राहून ‘जरा बोलून दाखवा’ असं म्हणू नका. चहा घ्या, दुकानात काही विकत घ्या, मुलांचं चौकटीपाशी चाललेलं भांडण कानावर पडेल. तेवढं पुरे.

संध्याकाळी दीपगृहाच्या बाजूला या. तिथले कर्मचारी तिकीट घेऊन वर जाऊ देतात आणि दिवा कसा चालतो ते मुलांना समजावून सांगतात. वेळ सकाळीच विचारून ठेवा.

प्रश्न : गोंदियाला सर्वांत जवळचा समुद्र मुंबईचाच ना?

उत्तर : नाही. नकाशावर पट्टी ठेवून पाहा. सरळ रेषेत विशाखापट्टणम सुमारे सव्वापाचशे किलोमीटर भरतं आणि मुंबई आठशेहून थोडी जास्त. तुमचं पाणीसुद्धा तिकडेच जातं. बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या वैनगंगेला मिळतात, वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. पण मराठी बोलणारा किनारा पश्चिमेचा, आणि रेल्वेही तिकडे सरळ जाते, म्हणून आपल्या मनात समुद्र म्हटला की मुंबई येते.

प्रश्न : आमच्या जिल्ह्यात याच्या जवळपासचं काही आहे का? मुंबईपर्यंतचा प्रवास लगेच जमणार नाही.

उत्तर : आहे, आणि तुमच्याच तालुक्यात आहे. समुद्र नाही, पण डोंगर, पाणी, जुना किल्ला आणि वर राहून खाली आलेली माणसं हे सगळं एका दिवसात भेटेल.

नवेगावबांधपासून सुरुवात करा, तेही अगदी पहाटे. हे तळं निसर्गानं दिलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं अशी नोंद आहे. डोंगरांचं कडं आयतं होतं, त्यांनी डोंगरांमधल्या खिंडी मातीच्या पाळी घालून बुजवल्या आणि पावसाचं पाणी आत अडवलं. या डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात, आणि बांध घालताना त्यांनी हातभार लावला असं मानतात. कोलू पाटलांना पुढे लोकांनी देवपण दिलं. कोलासूर म्हणून त्यांची पूजा होते, देवस्थान तळ्याकाठच्या एका टेकडीवर आहे. महाराष्ट्रात राजांचे पुतळे गावोगाव आहेत. तळं बांधणाऱ्या शेतकऱ्याचा देव झालेला फार ठिकाणी दिसत नाही, आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या लोकांनी या गोष्टीचा जेवढा अभिमान बाळगायला हवा तेवढा ते बाळगत नाहीत असं मला मनापासून वाटतं.

इथे कोकणातलीच गोष्ट उलट्या बाजूनं दिसते. कोकणातल्या माणसानं डोंगराच्या पोटाशी पाणी कुठे बाहेर येतं ते शोधलं आणि तिथे घर बांधलं. तुमच्या झाडीपट्टीतल्या कोहळी शेतकऱ्यानं डोंगर कुठे आहे ते पाहिलं, त्याच्या पोटाशी पाणी साठवलं आणि मग पाळीखाली गाव आणि धानाची बांधी वसवली. तुमच्या भागातली मोठी तळी आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, अशीच झाली. सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात धान पिकवायचं तर पावसाचा एखादा खंड झेलण्याइतकं पाणी वर अडवून ठेवायला हवं, हे त्यांनी पुस्तकाविना ओळखलं होतं. १९५०-५१ च्या सुमारास मालगुजारी संपली, तळी सरकारकडे गेली, आणि पाळीची, पाटांची दरवर्षीची डागडुजी कुणी करायची हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळत राहिला. गाळ भरलेली बोडी तुमच्या गावाजवळही असेल. मुलीला ती दाखवा आणि ती कुणी बांधली असेल ते आजोबांना विचारायला लावा.

नवेगावला थंडीत पाहुणे पक्षी येतात. मारुती चितमपल्ली वनखात्यात असताना इथे राहिले आणि इथल्या पाण्याचं, पाखरांचं, माणसांचं त्यांनी जे लिहिलं त्यामुळे विदर्भाबाहेरच्या कित्येक मराठी घरांत हे नाव पोचलं. १९७५ मध्ये या रानाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. तळ्याकाठी बसून पाखरं पाहायला दुर्बीण हवी, ती नसेल तर पाळीवरून शांत चालत जा, पाणकावळे आणि बगळे तसेही दिसतातच.

दहाच्या सुमारास प्रतापगडाकडे निघा. साताऱ्याचा नव्हे, तुमचा. महाशिवरात्रीला इथे केवढी जत्रा भरते ते मी तुम्हाला सांगायला नको. पण जत्रेच्या दिवशी माणूस फक्त माणसांच्या पाठी पाहतो. साध्या दिवशी चढा. डोंगरावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत, महादेव आहे, आणि याच डोंगराच्या आश्रयानं ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा आहे. दोन्हीकडे दोन्ही धर्मांची माणसं जातात. माथ्यावरून खाली पसरलेलं रान आणि पाणी पाहा, आणि मुलीला तोच प्रश्न विचारा जो तिनं तुम्हाला विचारला होता, इथे वर गाव का नाही? कोर्लईला न जाताही ती उत्तर देईल.

पायथ्यापासून जवळच इटियाडोह धरणाचा परिसर आहे. गाढवी नदीवरचं हे धरण १९७० मध्ये पूर्ण झालं. आणि त्याच टापूत, गोठणगावाजवळ, नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. १९७२ मध्ये ती वसली. मोजून पाहिलं तर हीच माणसं जगातल्या सर्वांत उंच मुलखातून उतरून आलेली. १९५९ नंतर तिबेट सोडावं लागलेल्यांपैकी काही कुटुंबांना त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात जमीन मिळाली. याक आणि जवाच्या मुलखातली माणसं चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात धान लावायला शिकली. वसाहतीत बौद्ध मठ आहे, शाळा आहे, पताका फडकतात. हिवाळ्यात वस्ती बरीच रिकामी असते, कारण स्वेटर विकायला माणसं शहराशहरांत गेलेली असतात. गोंदिया, नागपूरच्या फूटपाथवर तुम्ही ज्यांच्याकडून लोकरी टोपी घेतली असेल ती याच वस्तीतली माणसं असू शकतात.

कोर्लईच्या वस्तीत आणि इथे मला एकच गोष्ट सारखी वाटते. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, आणि दोन्ही आपल्याच. कोर्लईला त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली आहेत. नोर्ग्येलिंगला अजून साठही नाहीत. इथल्या लेकरांची तिबेटी पुढे झाडीबोलीचं काही उचलेल का, उचललं तर काय, हे तुमची मुलगी तिच्या हयातीत पाहू शकते. मठात जाताना चपला बाहेर काढा, प्रार्थना चालू असेल तर फोटो काढू नका, आणि कॅन्टीन उघडं असेल तर थुक्पा मागा.

जेवण मात्र आधी आटपा असं म्हणणार नाही. परतीच्या वाटेवर धरणाच्या बाजूला मासे मिळतात, ढिवरांनी सकाळी धरलेले. कोकणातला बांगडा खाऊन पाहायचा असेल तर खा, पण झाडीपट्टीत वाढलेल्या माणसानं गोड्या पाण्यातल्या मरळीच्या रश्श्याबाबत कुणाचं काही ऐकून घेऊ नये.

प्रश्न : दोन्हींपैकी आधी कुठे न्यावं, आणि कधी?

उत्तर : आधी प्रतापगड आणि नवेगाव. डोंगर, पाणी आणि वस्ती यांचा मेळ कसा बसतो ते आपल्या मातीत एकदा पाहिलं की कोर्लईला मुलीचे डोळे नेमके तिथेच जातील, टाक्याकडे, विहिरींकडे, खाचरांकडे. नाहीतर तिच्या लक्षात फक्त तोफा राहतील.

दोन्हींसाठी नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीची सुरुवात हा काळ उत्तम. नवेगावला तेव्हा पाखरं असतात आणि कोर्लईच्या डोंगरावर ऊन सोसवतं. शाळेची सुट्टी मे महिन्यातच असेल तर कोर्लईचा किल्ला सकाळी नऊच्या आत उरकून घ्या, वर सावलीला एक झाडही धड नाही, आणि पाणी प्रत्येकी दोन लिटर सोबत ठेवा. टाक्यातलं पाणी पिऊ नका.